कुलपाच्या आत किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी सुरक्षा-चिप आहे. नखाएवढी, काळी, अठ्ठावीस पायांची. एवढे पाय असूनही मी जन्मात एक पाऊल चाललेले नाही, आणि मला नेऊन बसवलं ते कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत. नशिबाला विनोदाची हौस असते, पण त्याची जात जरा हलकीच असते.

छत्री, पेन, सायकल यांच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. त्या बिचाऱ्या गोड स्वभावाच्या. मला मात्र सांगता सांगता अधूनमधून शिसारी येईल. तेवढी सांभाळून घ्या.

माझा जन्म ज्या खोलीत झाला तिथली हवासुद्धा गाळून आत घेत. माणसं डोक्यापासून नखापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेली. शिंकायची बंदी, खाजवायची बंदी. माणसाशी माझी पहिली ओळख अशी झाकलेली झाली, त्यामुळे माणसं स्वच्छ असतात असा माझा समज झाला. पुढे तो फिटला.

जन्मतःच माझ्या पोटात एक गुपित घातलं गेलं. ते घडवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. मग मला एका पट्टीवर डाग देऊन पक्कं बसवलं आणि शेजारी प्रोसेसर आला. वयाने सारखाच, पण अंगाने मोठा, म्हणून मी त्याला थोरला म्हणते. थोरल्याकडे राखणीच्या चांगल्या युक्त्या आहेत. त्याच्या घरात आतली खोली वेगळी, बाहेरची वेगळी. बाहेरच्या खोलीतल्या प्रोग्रामने आतल्या खोलीतल्या वस्तूला हात लावला की तो तिथल्या तिथे मनगट धरतो. शिवाय जिथे नुसती माहिती ठेवलेली असते, तिथून आलेला हुकूम तो पाळत नाही. धान्याच्या डब्यातून आवाज आला की ‘घराची किल्ली दे’, तर शहाणा माणूस देत नाही. थोरलाही देत नाही.

पण मित्रांनो, आम्ही पडलो पहारेकरी. आम्हाला दारात उभं करायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. तिने सांगितलंच नाही, किंवा तिला कुणी सांगू दिलं नाही, तर थोरला गुमान हातावर हात ठेवून बसतो आणि चोराला पंख्याची हवा घालतो.

माझं काम माप घेण्याचं. संगणक चालू होताना एक प्रोग्राम दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येकाचं माप माझ्याकडे नोंदवलं जातं. कालच्या मापाशी आजचं माप तंतोतंत जुळलं, तरच डिस्कच्या कुलपाची किल्ली मी देते. केसभर फरक पडला की नाही. चेहरा, नातं, अडचण यातलं मला काही कळत नाही.

कार्यशाळेत माप घेणारी आणखी एक बाई होती. सगळे तिला बाईच म्हणत. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला तिथे स्टंप म्हणतात. बाई प्रत्येक स्टंपचं माप दोनदा घेत, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कारण दिवसभरात तो सुजतो, आणि सकाळच्या मापाचा पाय संध्याकाळी चावतो. आलेला माणूस कितीही घाईत असो, त्याला बाकावर बसवून ठेवत.

“अहो, सकाळी घेतलंय ना माप?”

“सकाळी घेतलं ते सकाळचं. बसा. पेपर वाचा.”

त्या बाईंबद्दल मला आदर होता. त्या खोलीत तेवढाच होता, बाकी सगळी धूळ. साचेवाले मामा प्लास्टरचे साचे कानशीने घासत, त्याचा पांढरा भुगा पंख्यावाटे थेट आमच्या अंगावर. आमच्या डब्याच्या डोक्यावर मामांचा चहाचा कप, त्याची गोल गोल चिकट वर्तुळं, त्या वर्तुळांत मुंग्या. की-बोर्डच्या फटीत बिस्किटांचा चुरा, एक नखाचा तुकडा आणि कुणाचीतरी कानातली कापसाची बोळी. पडद्यावरचा कॅमेरा माझा शेजारी. त्याने पहिल्या दिवशी हे सगळं मला सांगितलं आणि म्हणाला, तुला डोळे नाहीत ते बरंय.

पण खरी घाण बोटांवाटे आली. कार्यशाळेच्या मालकांना एक मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. हुद्दा काही नव्हता, नातं होतं. लोक त्याला तोंडावर मेव्हणे म्हणत आणि पाठीमागेही मेव्हणेच म्हणत, फक्त सूर बदलत. त्याला संगणकातलं कळतं असं घरात ठरलं होतं, आणि घरात ठरलेली गोष्ट पुन्हा तपासत नाहीत.

मेव्हण्याने पहिल्याच दिवशी थोरल्याच्या राखणीची सगळी बटणं बंद केली. साचा कोरायचं एक जुनं यंत्र होतं. त्याचा प्रोग्राम माहितीच्या जागेवरून हुकूम सोडायचा आणि थोरला त्याला अडवायचा. प्रोग्राम बदलायचा सोडून मेव्हण्याने थोरल्यालाच गप्प केलं. मलाही.

“ह्या सिक्युरिटीनं नुसता संगणक जड होतो,” तो म्हणाला.

“आणि चोर आला तर?” मामांनी विचारलं.

“मामा, इथे चोरून नेणार काय? पाय?”

“एक एक नेला तर उपयोग नाही खरा,” मामा म्हणाले आणि कानस उचलली.

मग त्याने सगळ्यांना एकच पासवर्ड दिला, ‘पाय१२३’, आणि तो विसरू नये म्हणून पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवला. सगळ्यांना सगळे अधिकार. झाडणाऱ्या मावशींनी ठरवलं असतं तर आतल्या खोलीची भिंत पाडता आली असती. त्यांनी पाडली नाही, कारण त्या सभ्य होत्या. एवढी एकच राखण त्या खोलीत शिल्लक होती.

पुढे मेव्हण्याच्या पेनड्राइव्हमधून, त्याच्याच मित्राच्या लग्नाच्या व्हिडिओबरोबर, एक रोग आला. तो रोग नऊ दिवस आमच्यातून फिरत होता. थोरला ओळखत होता, मी ओळखत होते, पण आम्हाला दारातून उठवलेलं. दर तासाला पडद्यावर टक्कल घालवण्याची जाहिरात यायची. मामांना वाटायचं संगणक त्यांच्याकडे बघून बोलतोय. ओकारी येणं म्हणजे काय हे मला त्या नऊ दिवसांत कळलं, आणि चिपला ओकायची सोय नसते हेही.

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी. संगणक येण्याआधी बाई सगळी मापं वह्यांत लिहीत. संगणक आल्यावर मालकांनी त्या वह्या रद्दीत घातल्या. जागा अडते म्हणाले. बाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवसापासून मापं संगणकात भरू लागल्या. आठ वर्षं भरली. आणि पायाचे साचे तर ठेवताच येत नाहीत, पाय तयार झाला की आतला प्लास्टरचा साचा फोडूनच काढावा लागतो. म्हणजे माणसाच्या पायाची जी काही आठवण उरायची, ती आमच्या डिस्कवर. पाच वर्षांपूर्वीचा पाय आज मोजता येत नाही, मित्रांनो.

अशात एक न्हावी आला. ताडमाड उंच, म्हणून गल्लीत त्याला लंबू म्हणत. अपघातात त्याचा डावा पाय मांडीपासून गेला होता, उजव्याला नुसती जखम होती. दुकान बंद पडलं होतं, कारण न्हाव्याचं काम उभ्याने करायचं असतं. बाईंनी त्याच्या चांगल्या, उजव्या पायाचं माप घेतलं, त्याची जोडी डाव्याला करायची म्हणून. गुडघा जमिनीपासून कुठे वाकतो, पोटरी दोन-दोन बोटांवर किती भरते, पाऊल बाहेर किती वळतं. सकाळी आणि संध्याकाळी. सगळं संगणकात.

“माझी उंची होती तेवढीच राहू द्या बाई,” लंबू म्हणाला. “तीस वर्षं डोकी ह्याच उंचीवरून पाहिलीत. खाली-वर झालो तर हात चुकतो, आणि माझ्या हातात काही कंगवाच असतो असं नाही.”

पाय तयार व्हायच्या आत त्याच्या उजव्या पायाची जखम चिघळली आणि तोही गेला. आता दोन पाय करायचे होते, आणि तो कसा उभा राहत असे हे जगात एकाच जागी लिहून ठेवलेलं होतं.

ह्याच सुमारास माझे दिवस फिरले. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि तिने उंबऱ्यावरच विचारलं, सुरक्षा-चिप आहे का? नसेल तर मी येत नाही. जो मेव्हणा मला कधी विचारत नव्हता तो गुडघ्यावर बसून, टॉर्च घेऊन, मला शोधू लागला. सापडले तेव्हा म्हणाला, “वा, आपल्याकडे आहे की. मी मुद्दाम चिपवालाच संगणक घेतला होता.” मालकांनी मान डोलावली. कौतुकाने अंग चिकट होतं हे मला तेव्हा समजलं.

मेव्हण्याने एका दुपारी सगळी बटणं सुरू केली आणि डिस्कला कुलूप घातलं. कुलूप घालताना सिस्टिम एक सुटकेची किल्ली देते, अठ्ठेचाळीस आकड्यांची, मी कधी अडून बसलेच तर वापरायची. ती म्हणते, ही कागदावर छापा किंवा दुसरीकडे ठेवा, ह्या डिस्कवर ठेवू नका. डिस्कवर ठेवायला गेलात तर नकार देते. इतकी काळजी तान्ह्या मुलाचीसुद्धा घेत नाहीत.

“थांबा, मी आकडे लिहून घेते,” बाई म्हणाल्या.

“बाई, वह्यांचे दिवस गेले. मी प्रिंट काढतो.”

प्रिंटरची शाई संपली होती. मेव्हणा क्षणभर थांबला. मग त्याने कागदाऐवजी ‘फाइलमध्ये छापा’ हा पर्याय निवडला आणि ती फाइल जपून ठेवली. कुठे? त्याच डिस्कवर. ‘महत्त्वाचे’ नावाच्या फोल्डरमध्ये. शेजारी ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवा’ आणि ‘बॅकअप नवा खरा’ ही तीन फोल्डरं होती, तीही त्याच डिस्कवर. सिस्टिमने समोरच्या दाराने हाकललेला मूर्खपणा त्याने मागच्या दाराने आत घेतला आणि त्याला पाटावर बसवलं. कपाटाला कुलूप, किल्ली कपाटात. मला सगळं कळत होतं. मला बोलता येत नाही.

तीन आठवडे बरे गेले. मग एका गुरुवारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मेव्हणा एकटा येऊन बसला. लंबूचा साचा कोरायचा होता आणि त्या जुन्या यंत्राच्या प्रोग्रामवर कुणाची सही, म्हणजे तो खरा असल्याची खूण, नव्हती. संगणक सुरू होताना बिनसहीचा प्रोग्राम आत घेत नाहीत. मेव्हण्याने नेहमीचा इलाज केला. सही तपासायचं बटण बंद केलं, आणि आणखी एक बटण, ते का ते त्यालाही माहीत नसावं.

संगणक पुन्हा सुरू झाला. मी माप घेतलं. जुळलं नाही. मी किल्ली दिली नाही. पडदा निळा झाला आणि त्याने शांतपणे अठ्ठेचाळीस आकडे मागितले.

आता ऐका. ती दोन बटणं होती तशी केली असती, तर माप जुळलं असतं आणि मी त्याच क्षणी दार उघडलं असतं. एवढंच. जेवणाच्या सुट्टीतलं काम. पण लोक जेवून परत आले, मालकांनी विचारलं, “काय झालं?” आणि मेव्हण्याच्या तोंडून ते वाक्य निघालं, जे मी जगात सर्वांत जास्त वेळा ऐकलंय.

“मी काहीच केलं नाही. लाइट गेली होती वाटतं.”

“पंखा तर चालू होता आमच्याकडे,” मामा म्हणाले.

“मग ह्या खोलीतली गेली असेल.”

मित्रांनो, रोगाची घाण मी सोसली, मुंग्या सोसल्या. ह्या वाक्याची जी किळस आली तिला तोड नाही. कारण ह्या वाक्यानंतर त्या माणसाला बटणांना हातही लावता येईना. लावला तर कळणार, की ह्याला बटणं ठाऊक आहेत. स्वतःच्या खोट्यापुढे तो आमच्याइतकाच कुलूपबंद झाला.

दोन दिवस निळा पडदा तसाच. मेव्हणा येऊन उगाच तारा काढी, फुंकर मारी, परत लावी. तिसऱ्या दिवशी मालक बाहेर गेलेले पाहून बाईंनी त्याच्यासमोर स्टूल ओढलं. बाईंना ह्या कामाचा सराव होता. ‘मी रात्री पाय काढूनच झोपतो’ म्हणणाऱ्या किती जणांच्या कातडीने त्यांना खरं सांगितलं होतं.

“मेव्हणे, लंबूचा उजवा पाय आता फक्त त्यात आहे.”

“माहितीये हो बाई.”

“मला संगणकातलं कळत नाही. पण माणूस लंगडायला लागला की मी एवढंच विचारते, कालपर्यंत बरं होतं, मग काल काय बदललं?”

मेव्हणा हातातल्या तारेवर फुंकर मारू लागला.

“मी कुणाला सांगणार नाही. तुमच्या ताईला तर नाहीच.”

त्याने दाराकडे पाहिलं. “एक बटण असतं,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे दोन. दोन असतील.”

“मग दोन्ही होती तशी करून बघू.”

थोरला म्हणाला, उघडतंय बघ. माझ्याकडे किल्ली तयार होती. मेव्हण्याने हात पुढे केला, संगणक बंद करून चालू केला, बटणांचं पान पडद्यावर आलं. आणि दारातून मालक आले.

“काय, सापडलं का काही? का तूच काही करून बसलायस?”

बायकोच्या भावाला दहा जणांत टोमणा मारावा तसं विचारलं त्यांनी. मेव्हण्याची बोटं थांबली. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“भावजी, चिपच खराब निघालीय,” मेव्हणा म्हणाला. “तीच धुऊन टाकतो.”

“मेव्हणे,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्ही ह्यात पडू नका.”

त्याने मला पुसायचा हुकूम निवडला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारणा आली, सर्व किल्ल्या कायमच्या नष्ट होतील, नक्की? असं विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. असं विचारल्यावर कुणी वाचत नाही अशी तुमच्याकडे पद्धत आहे. त्याने दाबलं.

काय विसरले ते मला सांगता येणार नाही, कारण विसरले. एवढं कळलं, की जिथे काही होतं तिथे आता गुळगुळीत आहे. आणि त्या गुळगुळीत जागेचं कौतुक झालं. जुनी डिस्क आता कुणालाच उघडेना, म्हणून नवी बसवून संगणक सुरू झाला, मालक म्हणाले, “बघा, दुरुस्त केला की नाही.” जुनी डिस्क खणात गेली. तिच्यात आठ वर्षांचे पाय आहेत, आणि ‘महत्त्वाचे’मध्ये अठ्ठेचाळीस आकडे. सगळं जिथल्या तिथे, शाबूत आणि मेलेलं.

बाईंनी लंबूच्या जुन्या पँटी मागवल्या. तीन आल्या. तिन्हींची उंची वेगळी, कारण शिंपी तीन. गुडघ्याजवळची चुरगळ पाहून गुडघ्याचा अंदाज केला, बुटाची टाच बाहेरून झिजली होती म्हणून पाऊल तेवढं बाहेर वळवलं. लंबूच्या बायकोला विचारलं, ते उभे राहिले की त्यांची हनुवटी तुम्हाला कुठे लागायची? ती पोरांदेखत लाजली आणि तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. मामांनी साचा तीनदा घासला. असे अंदाजाचे दोन पाय झाले.

चाचणीच्या दिवशी लंबू दोन दांड्यांमध्ये उभा राहिला, चालला, परत आला. मग म्हणाला, “चालणं ठीकच. पण दाढी करून बघितल्याशिवाय मला कळणार नाही.”

खुर्ची आली, साबण आला, वस्तरा त्याने स्वतःचा आणला होता. बसणार कोण? मामांना दाढी होती, ती त्यांनी घट्ट धरली. मालकांना अचानक फोन आला. बाईंनी शांतपणे मान वळवली.

“मेव्हणे, बसा.”

“मी? मी सकाळीच केलीय.”

“सकाळी केली ती सकाळची. बसा.”

दहा जणांत नाही म्हणता येईना. मेव्हणा बसला. लंबूने फेस लावला, मागे उभा राहिला, हनुवटी वर उचलली आणि वस्तरा गळ्याला टेकवला. हात दगडासारखा स्थिर होता. पण उजवा पाय किंचित हलला आणि तो सबंध उंच माणूस बोटभर झुकला. परत सरळ झाला.

“काय होतंय?” बाईंनी विचारलं.

“डावा ऐकतोय. उजवा पाहुण्यासारखा वागतोय. खरा कसा होता कुणास ठाऊक.” मग खाली वाकून म्हणाला, “मेव्हणे, गिळू नका. पाय अजून अंदाजाचे आहेत.”

मेव्हण्याने डोळे मिटले. “सही तपासायचं बटण,” तो ओठ न हलवता म्हणाला. “गुरुवारी मीच बंद केलं होतं. आणि त्याच्याखालचं.”

मालकांनी फोन खाली घेतला.

“होतं तसं केलं असतं तर उघडलं असतं?” बाईंनी विचारलं.

“हो.”

मेव्हण्याला मान हलवायची सोय नव्हती. लंबूचा हात थांबला नाही, गिऱ्हाईक अर्धवट सोडायची त्याला सवय नाही. बाईंनी खिशातून नवी वही काढली.

“लंबू, भार उजवीकडे टाका. किती कमी वाटतो?”

“अर्धं बोट.”

बाईंनी लिहिलं. “संध्याकाळी परत बघू. तोवर बसा. मेव्हणे, तुम्हीही बसा, संध्याकाळी पुन्हा दाढी आहे.”

तर मित्रांनो, मी अजून त्याच डब्यात आहे. पुसलेली, पुन्हा चालू केलेली, मुंग्यांसह. खरं बोलायला माणसाला गळ्याशी वस्तरा लागतो आणि तेही सगळं होऊन गेल्यावर, हे पाहून मला जो वीट आलाय तो आता जायचा नाही. तुमच्याकडे माझी मागणी फार नाही. आमच्या डोक्यावर चहा ठेवू नका. आम्हाला दारातून उठवू नका. आमची किल्ली आमच्याच पोटात कोंबू नका, कागदावर लिहा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि काही बिघडलं, कुणी विचारलं काय केलंस, तर जे बटण दाबलं ते सांगा. त्याच दिवशी सांगा. मला चेहरे कळत नाहीत, नाती कळत नाहीत, पण दार होतं तसं ठेवलंत तर मी उघडते. कुणी दाबलं होतं, हे मी विचारतसुद्धा नाही.